रस्ता बारमाही झाला, पण गाडीचं काय? कडाक्याच्या थंडीत गाड्या का सुरू होत नाहीत, समजून घ्या

जानेवारी २०२४ मधले ते व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. अमेरिकेत शिकागोजवळच्या चार्जिंग स्टेशनवर टेस्ला गाड्यांची रांग लागली होती. काही गाड्या जागेवरच मेल्या होत्या, काही टो करून न्याव्या लागल्या. पारा उणे २० च्या खाली गेला होता. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे व्हिडिओ ठरलेल्या कॅप्शनसह फिरले : "बघा, इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांचं असं होतं."

त्याच महिन्यात नॉर्वेतही हाडं गोठवणारी थंडी होती. त्या देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. मग तिथं तर हाहाकार माजायला हवा होता. रस्त्यात अडकलेल्यांना मदत करणाऱ्या 'वायकिंग' या तिथल्या कंपनीने आपले आकडे दिले. 'गाडी सुरू होत नाही' म्हणून आलेल्या तक्रारींमध्ये इलेक्ट्रिक गाड्या साधारण १३ टक्के होत्या. रस्त्यावरच्या एकूण गाड्यांमध्ये मात्र त्यांचा वाटा जवळपास चौथा हिस्सा होता. बाकीच्या तक्रारी पेट्रोल-डिझेलवाल्यांच्या होत्या. आता यातही एक मेख आहे. इलेक्ट्रिक गाड्या तुलनेने नव्या असतात आणि नवी गाडी तशीही कमी कुरकुर करते. पण शिकागोत जे झालं ते नॉर्वेत झालं नाही, एवढं नक्की.

कंपनीही तीच, लिथियमच्या बॅटऱ्याही त्याच. फरक होता तो गाडीच्या भोवतालच्या व्यवस्थेत. नॉर्वेत बहुतेकांच्या घरी चार्जर असतो, गाडी रात्रभर वायरला लावलेली असते आणि सकाळी निघण्याआधी बॅटरी गरम करून घ्यायची सवय लोकांना आहे. शिकागोत अडकलेल्यांपैकी अनेक जण सार्वजनिक चार्जरवर अवलंबून होते. ते गार पडलेली बॅटरी घेऊन रांगेत उभे राहिले. गार बॅटरी वेगाने चार्ज होत नाही, त्यामुळे प्रत्येक गाडीला जास्त वेळ लागला, रांग वाढली आणि रांगेत थांबता थांबता मागच्यांची उरलीसुरली बॅटरीही संपली.

हा विषय आता आपला का झाला?

मुंबई-पुण्यात पारा १० वर आला तरी बातमी होते, मग उणे २० शी आपला काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आला तो बोगद्यांमुळे.

३ ऑक्टोबर २०२० ला मनालीजवळचा अटल बोगदा सुरू झाला. लांबी ९.०२ किलोमीटर. त्याआधी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की पलीकडचं लाहौल खोरं कित्येक महिने जगापासून तुटायचं. आता डिसेंबरच्या सुट्टीत सिस्सूला एमएच-१२ आणि एमएच-०२ नंबरच्या गाड्या सर्रास दिसतात. काश्मीरच्या बाजूला १३ जानेवारी २०२५ ला सोनमर्गचा बोगदा सुरू झाला. त्याच्या पुढे झोजिला बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की द्रास, कारगिल आणि लेहचा रस्ता हिवाळ्यातही चालू राहील, असं नियोजन आहे. तिकडे लाहौलमधून झांस्करला जोडणाऱ्या शिंकू ला बोगद्याचा पहिला स्फोट २६ जुलै २०२४ ला झाला. हा बोगदा तब्बल १५,८०० फुटांवर असेल.

पूर्वी हिवाळ्यात या भागात गाडी चालवणारे तीनच प्रकारचे लोक होते : लष्कर, तिथले टॅक्सीवाले आणि ट्रकवाले. थंडीत गाडी कशी जगवायची हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. आता जो चौथा माणूस तिथं पोचतोय, त्याच्या गाडीची शेवटची सर्व्हिसिंग पुण्यात झालेली असते आणि टाकी वाटेत मैदानी भागातल्या एखाद्या पंपावर भरलेली असते. बोगद्यांच्या बातम्यांमध्ये किलोमीटर आणि कोटी असतात. पलीकडे मुक्काम केल्यावर सकाळी गाडी सुरू होईल का, हे त्यात नसतं.

सेल्फ मारल्यावर नेमकं काय घडतं

'थंडीने गाडी सुरू झाली नाही' असं आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात थंडी तीन वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालते : बॅटरी, इंजिन ऑइल आणि इंधन. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

बॅटरीपासून सुरुवात करू. गाडीतली साधी १२ व्होल्टची बॅटरी ही शिसं आणि आम्ल यांच्यातल्या रासायनिक क्रियेवर चालते. थंडीत ही क्रिया मंदावते. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते आणि उणे १८ च्या आसपास निम्म्याहून अधिक जाते. नेमकं याच वेळी इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा बरीच जास्त ताकद लागते. म्हणजे एका हाताने पगार कापला आणि दुसऱ्या हाताने भाडं वाढवलं, तशातली गत. नवी बॅटरी हे निभावते. तीन-चार वर्षं जुनी, घरी 'अजून चालतेय की' म्हणून ठेवलेली बॅटरी तिथल्या पहिल्याच सकाळी हात वर करते. बॅटरीवर 'सीसीए' म्हणून एक आकडा छापलेला असतो. उणे १८ अंशाला ती सलग ३० सेकंद किती करंट देऊ शकते, हे तो सांगतो. आपल्याकडे बॅटरी घेताना या आकड्याकडे फार कोणी बघत नाही, कारण आपल्याला त्याची गरजच पडत नाही.

आणखी एक गोष्ट. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे ५० ला सुद्धा गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं द्रव्य म्हणजे जवळपास पाणीच. ते उणे ७ ते १० च्या आसपास गोठून बॅटरीचा डबा फोडू शकतं. रात्री लाइट चालू राहिला तर मैदानात सकाळी धक्का मारून काम भागतं. तिथं बॅटरीच फेकायची वेळ येऊ शकते.

दुसरं ऑइल. इंजिन ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं. ५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशाला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, तर २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत १५डब्ल्यू-४० आणि मोटरसायकलींत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० पडतं. नागपूरच्या मे महिन्यासाठी ते उत्तमच आहे. पण उणे २० ला तेच तेल काकवीसारखं दाट होतं. सेल्फ मारला की इंजिन 'घर्र... घर्र...' करत रडतं ते त्यामुळे. सुरू झालंच, तरी पहिली काही सेकंदं ऑइल वरच्या भागांपर्यंत पोचत नाही आणि धातूवर धातू घासतो.

आणि तिसरं इंधन. भारतात खरी गोम इथं आहे.

डिझेल थिजतं म्हणजे काय?

थंडीच्या दिवसांत घरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. आधी तेल गढूळ दिसतं, मग त्यात पांढरे कण येतात, मग बाटली उलटी केली तरी तेल बाहेर येत नाही. डिझेलचंही तसंच होतं. डिझेलमध्ये मुळातच मेणाचे घटक असतात. तापमान घसरलं की त्यांचे बारीक स्फटिक तयार होऊ लागतात. डिझेल अजून पातळच असतं, टाकीत हलवलं तर डुचमळतंही. पण हे स्फटिक फिल्टरच्या जाळीत अडकतात आणि इंजिनकडे जाणारी वाट बंद होते. तापमान आणखी घसरलं की सगळं डिझेल थिजतं.

त्यामुळे डिझेल 'कितीला गोठतं' हा एकच आकडा पुरेसा नसतो. फिल्टर तुंबण्याचं तापमान वेगळं आणि पूर्ण थिजण्याचं वेगळं. गाडी पहिल्याच टप्प्यावर बंद पडते.

आता भारतीय मानकाकडे या. बीआयएसच्या डिझेलसाठीच्या मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळ्यात १८ अंश आणि हिवाळ्यात ६ अंश आहे. अधिक ६, उणे नव्हे! म्हणजे सर्वसाधारण हिवाळी डिझेल अधिक ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून नीट वाहिलं तरी नियमाने पास. पंपावर मिळणारं डिझेल याहून सरस असू शकतं, पण उणे २० ची हमी त्यात नाही. यात कोणाचा गलथानपणा नाही. देशातल्या बहुतांश गाड्यांना तेवढंच लागतं आणि मेण काढून टाकायला रिफायनरीला खर्च येतो. युरोपच्या मानकात मात्र हवामानानुसार वेगवेगळे वर्ग आहेत. अतिथंड देशांसाठीचे वर्ग उणे २० पासून उणे ४४ पर्यंत जातात आणि हिवाळा आला की तिथल्या पंपावरचं डिझेल आपोआप बदलतं. गाडीवाल्याला काही करावं लागत नाही, बहुधा कळतही नाही.

पेट्रोल या बाबतीत सुदैवी आहे. ते या तापमानाला थिजत नाही. त्याची अडचण एवढीच की थंडीत त्याची वाफ नीट होत नाही, म्हणून जुन्या स्कूटरला चोक ओढावा लागायचा. आता ते काम फ्युएल इंजेक्शन स्वतःच करतं.

डिझेल इंजिनाला आणखी एक शाप आहे. त्यात ठिणगी देणारा स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटेल, असा सगळा खेळ. इंजिनच बर्फासारखं गार असेल तर दाबलेल्या हवेतली उष्णता सिलिंडरच्या भिंतीच खाऊन टाकतात. त्यासाठी हीटर प्लग असतात. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये वेटोळ्याचं चिन्ह पेटतं ते यांचंच. ते विझेपर्यंत थांबायचं असतं, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊकच नसतं. पुण्यात त्याने काही बिघडत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही.

आणि लडाखला तर उंचीही आहे. सैबेरियातलं याकुत्स्क शहर जगातल्या सर्वांत थंड शहरांत गणलं जातं, जानेवारीत तिथं उणे ४० ही नेहमीची गोष्ट. पण ते समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटरवर आहे. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे ६५ टक्केच असतो. दाबायला हवाच कमी, म्हणजे तापणारही कमी. त्यामुळे 'याकुत्स्कमध्ये उणे ४० ला गाड्या चालतात, मग आपल्या उणे २० ला का रडतात' ही तुलना पूर्ण बरोबर नाही.

२०१९ पर्यंत काय चालायचं?

जुगाड. रात्री टाकीखाली शेकोटी किंवा स्टोव्ह ठेवायचा. फिल्टर काढून गरम पाण्यात बुडवायचा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं. किंवा सरळ इंजिन रात्रभर चालू ठेवायचं. हसू नका, डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोच्या वेशीवर पोचलेल्या जर्मन सैन्यानेही आपल्या गाड्यांच्या इंजिनाखाली आगी पेटवल्या होत्या. ऑइल आणि ग्रीस गोठलं होतं, रणगाडे हलेनात. आठ दशकं झाली तरी हिमालयातल्या ट्रकवाल्याकडे तोच उपाय होता.

लष्करासाठी कमी तापमानाला वाहणारं खास डिझेल आधीपासून पुरवलं जात होतं, कारण तिथं प्रश्न जिवाचा होता. मे-जून २०२० च्या गलवान संघर्षानंतर पूर्व लडाखमध्ये सुमारे ५० हजार सैनिक हिवाळाभर तैनात राहिले. एवढ्या माणसांचं धान्य, औषधं, बुखारीचं इंधन, दारूगोळा हे सगळं ट्रकने जातं. हिवाळ्यासाठीचा साठा उन्हाळ्यातच वर नेऊन ठेवावा लागतो. त्या साठ्यातून चौकीपर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र भर थंडीत, एखाद्या ट्रकलाच पार करायचा असतो. तो सकाळी सुरू झाला नाही, तर नुसता उशीर होऊन भागत नाही.

पण कारगिलचा टॅक्सीवाला किंवा केलाँगचा बटाटे-मटार नेणारा टेम्पोवाला यांच्यासाठी तसं डिझेल पंपावर नव्हतं. ते आलं नोव्हेंबर २०१९ मध्ये. लडाख केंद्रशासित प्रदेश होऊन जेमतेम अडीच आठवडे झाले होते. १७ नोव्हेंबरला तत्कालीन आणि आजचेही गृहमंत्री अमित शहा यांनी इंडियन ऑइलच्या हिवाळी डिझेलच्या विक्रीचा शुभारंभ केला. हे डिझेल पानिपतच्या रिफायनरीत तयार झालं. उणे ३३ अंशांपर्यंत ते वाहतं राहतं, असं कंपनीने जाहीर केलं.

माझ्या मते हिमालयातल्या वाहतुकीसाठी त्या दशकातला हा सर्वांत कमी चर्चा झालेला आणि सर्वांत उपयोगी निर्णय होता. बोगद्याचे फोटो छान येतात. डिझेलचा फोटो काय काढणार? पण शेकोटीवाल्या जुगाडातून लोक खऱ्या अर्थाने सुटले ते रिफायनरीत मेणाचं प्रमाण बदललं तेव्हा. कोणत्याही गाडीत काही बदलावं लागलं नाही.

त्यात वेळही अचूक साधली गेली. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. या नव्या डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब प्रचंड असतो आणि पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेल त्या मानाने कोरडं. जुन्या ट्रकमध्ये ते खपून गेलं, नव्या गाडीत ते पंप खातं आणि सायलेन्सरमधल्या महागड्या फिल्टरचीही वाट लावतं. म्हणजे हिवाळी डिझेल आलं नसतं, तर जुना उपाय नव्या गाड्यांत उलटा पडला असता. कोणी ढाब्यावर 'थोडं रॉकेल टाका, काही होत नाही' असं सांगितलं, तर तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीबद्दल बोलतोय असं समजा.

बीएस-६ ने एक नवीन पाहुणाही आणला. अनेक डिझेल गाड्यांत आता युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ किंवा ॲडब्लू, वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते उणे ११ अंशांना गोठतं. घाबरायचं कारण नाही. त्या टाकीला हीटर असतो, गाडी सुरू होते आणि द्रावण हळूहळू वितळतं. फक्त ती टाकी काठोकाठ भरू नये, कारण गोठताना द्रावण फुगतं.

बाकीचं जग काय करतं?

कॅनडात एडमंटन, विनिपेग किंवा सस्काटूनला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात एक गोष्ट हमखास चक्रावते : गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबणारी विजेची पिन. तिथं पार्किंगमध्ये खांबांवर सॉकेट असतात. रात्री गाडी लावली की पिन सॉकेटमध्ये खुपसायची. इंजिनाला बसवलेला छोटा हीटर कूलंट उबदार ठेवतो आणि सकाळी गाडी एका सेल्फमध्ये उठते. इलेक्ट्रिक गाड्या येण्याच्या कितीतरी आधीपासून पेट्रोलच्या गाड्या तिथं रात्री 'चार्जिंगला' लागतात.

याकुत्स्कचा मार्ग वेगळा. तिथं गरम गॅरेज मिळालं तर उत्तम, नाहीतर गाडीला जाड गोधडीसारखं आवरण घालायचं किंवा इंजिन बंदच करायचं नाही. खिडक्यांना दुहेरी काचा चिकटवतात. रस्त्यांवर मोठ्या प्रमाणात जुन्या जपानी गाड्या आहेत. कुठली खास ध्रुवीय बनावटीची जादूची गाडी नव्हे. चालतात कारण सगळं शहर त्या चालाव्यात अशा रीतीने राहतं.

आपल्याकडे व्यवस्थेच्या या साखळीतली एक कडी बसली आहे, ती म्हणजे डिझेल. रात्री इंजिनाला ऊब देणारं सॉकेट, पर्यटकांसाठी झाकलेलं पार्किंग, बॅटरी बदलून देणारं दुकान या कड्या अजून लावायच्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सोलांग ते अटल बोगद्याच्या पट्ट्यात बर्फवृष्टीने सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली, तेव्हा बातमी वाहतूक कोंडीची झाली. पण अशा कोंडीत गाडी तासन् तास उभी राहते. इंजिन बंद करावं तर परत सुरू होईल का ही धास्ती आणि चालू ठेवावं तर वेगळाच धोका. मागच्या पाइपाभोवती बर्फ साचला तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. काचा बंद करून, हीटर लावून रात्रभर गाडीत झोपणं ही म्हणूनच सगळ्यात वाईट कल्पना.

आणि इलेक्ट्रिक गाडी?

इलेक्ट्रिक गाडीला सेल्फ मारावा लागत नाही, ऑइल दाट होण्याचा प्रश्न नाही, डिझेलचा तर नाहीच. म्हणून ती 'सुरू' सहसा होते. तिची अडचण पुढे येते. अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१९ मध्ये काही इलेक्ट्रिक गाड्या उणे ७ अंशाच्या आसपास चालवून पाहिल्या. आतला हीटर लावल्यावर त्यांचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. हीटर बंद ठेवला तर घट १२ टक्केच होती. म्हणजे बॅटरीपेक्षा माणसांना ऊब देण्यात जास्त वीज गेली. पेट्रोलच्या इंजिनात उष्णता फुकट मिळते, कारण ते इंजिन बरीचशी ऊर्जा तशीही वायाच घालवतं. इलेक्ट्रिकमध्ये तीच ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते.

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत एलएफपी प्रकारची बॅटरी असते. ती स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आपल्या उन्हाळ्यात सुरक्षित आहे. पण थंडीत ती इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा जास्त आळसावते. शून्याखाली तिला जोरात चार्ज केलं तर आत लिथियमचा थर साचून कायमचं नुकसान होऊ शकतं, म्हणून गाडीचा संगणक चार्जिंगचा वेग स्वतःच कमी करतो. चार्जर बिघडलाय असं समजून लोक भांडतात, ते यामुळे. मुक्कामाला पोचल्या पोचल्या, बॅटरी गरम असतानाच गाडी चार्जिंगला लावली तर हा त्रास बराच कमी होतो. चढाचा रस्ता, थंडी आणि विरळ चार्जर हे तिन्ही एकत्र येतात अशा ठिकाणी कंपनीने सांगितलेला पल्ला निम्मा धरून चाललेलं बरं.

डिसेंबरात निघणार असाल तर

घरून निघण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली बॅटरी. तीन वर्षांहून जुनी असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या आणि शंका आली तर बदला. दुसरी रेडिएटर. उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून कोणीतरी नळाचं पाणी भरलेलं असतं आणि ते तसंच राहतं. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३५ च्या खालीच गोठतं. नुसतं पाणी असेल तर शून्याला बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि इंजिनाचा ब्लॉक चिरतो. बॅटरी काही हजारांत येते, ब्लॉक येत नाही. ऑइल बदलायची वेळ आलीच असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू चालतं का ते पाहून तेच घ्या.

डिझेल गाडी असेल तर मैदानातून टाकी फुल करून वर जाऊ नका. हा सल्ला उलटा वाटेल, कारण 'पुढे पंप नाही, इथंच भरून घ्या' हे आपण लहानपणापासून ऐकलंय. खालून निघताना पोचण्यापुरतं आणि थोडं वर इतकंच भरा. वर गेल्यावर पहिल्या पंपावर हिवाळी डिझेल आहे का विचारा आणि तिथं भरा. थोडा वेळ गाडी चालवा, म्हणजे ते फिल्टरपर्यंत पोचेल. भरून लगेच हॉटेलवर गाडी लावली, तर फिल्टरमध्ये रात्रभर खालचंच डिझेल राहतं.

रात्री गाडी भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी उभी करा. तोंड सकाळी ऊन येईल त्या दिशेला ठेवा. सकाळी घाई करू नका. चावी फिरवून हीटर प्लगचं चिन्ह विझू द्या, पुन्हा एकदा तेच करा, मग सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको आणि मध्ये मिनिटभर थांबा. लागोपाठ सेल्फ मारत राहिलात तर उरलेली बॅटरीही जाईल. अजिबात दाद देत नसेल, तर ऊन वर येईपर्यंत चहा घ्या. तिथले टॅक्सीवालेही अनेकदा तेच करतात आणि टाकीखाली जाळ करण्यापेक्षा ते फार बरं.

आणि रात्री हँडब्रेक ओढू नका. ओल्या चाकांत पाणी गोठून ब्रेक चिकटतात, मग इंजिन सुरू होऊनही गाडी हलत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. दगडांची तिथं कमतरता नाही.